बीडच्या मतपेटीतली भाकर

फेब्रुवारी १९६७ मध्ये देशात चौथी सार्वत्रिक निवडणूक झाली आणि बीडमधून लोकसभेवर गेले क्रांतिसिंह नाना पाटील. त्यांचे गाव, शेत, भाऊबंद सगळे कृष्णाकाठी, वाळवे तालुक्यात. साताऱ्याच्या प्रतिसरकारचा हा म्होरक्या तेव्हा सहासष्ट वर्षांचा होता आणि बालाघाटच्या डोंगररांगांत त्यांचे ना नाते होते ना गोते. निजामाच्या राजवटीतून सुटून जिल्ह्याला जेमतेम अठरा वर्षे झाली होती. महाराष्ट्रात काँग्रेसचा दबदबा असताना या जिल्ह्याने कम्युनिस्ट पक्षाच्या एका शेतकरी पुढाऱ्याला दिल्लीला धाडले.

त्या वर्षी देशभर निवडणुकीचा विषय घरोघर एकच होता, तो म्हणजे धान्य. १९६५ आणि १९६६ अशी लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला होता. १९६४-६५ मध्ये देशात सुमारे ८९० लाख टन धान्य पिकले होते, ते पुढच्याच वर्षी ७२० लाख टनांवर आले. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लोकांना सोमवारी एक वेळचे जेवण सोडायला सांगितले. १९६६ मध्ये अमेरिकेतून व इतर देशांतून मिळून कोटभर टन धान्य आणावे लागले. बंदरात जहाज लागले तर रेशनच्या दुकानात माल येई, जहाज लांबले की दुकानापुढची रांग लांबे. महाराष्ट्रात मुख्यमंत्री वसंतराव नाईकांनी १९६५ मध्ये पुण्यात शनिवारवाड्यावरच्या सभेत सांगून टाकले की, दोन वर्षांत राज्य धान्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फाशी द्या. हायब्रीड ज्वारीचा मोठा प्रचार सुरू झाला तो याच काळात.

बीडच्या शेतकऱ्याला सरकार आणि धान्य यांचा संबंध नवा नव्हता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निजाम सरकारने लादलेली धान्याची लेव्ही त्याच्या स्मरणात होती. पीक हाती आले की सरकारचा माणूस खळ्यावर हजर, आणि घरात खायला किती उरले याची चौकशी कोणी करायची नाही. स्वातंत्र्यानंतर राजवट बदलली, पण आष्टी-पाटोद्याच्या माळरानावर पाऊस पूर्वीसारखाच लहरी राहिला. ज्वारी आणि बाजरी ही इथली पिके. साधली तर वर्षाची बेगमी, नाही तर मजुरी, सावकार किंवा गाव सोडणे.

केवळ अन्नटंचाईमुळे बीडने नाना पाटलांना निवडले, असे म्हणणे धाडसाचे होईल. हैदराबाद मुक्तिसंग्रामापासून या भागात डाव्या कार्यकर्त्यांचे जाळे होते, आणि शेतकऱ्याच्या बोलीत तासन्‌तास सभा बांधून ठेवणारा वक्ता म्हणून नानांची ख्याती मराठी मुलखात सर्वदूर होती. तरी त्या निवडणुकीचा देशभरचा कौल पाहा. लोकसभेत काँग्रेस ५२० पैकी २८३ जागांवर आली. मुंबईत स. का. पाटील यांचा पराभव जॉर्ज फर्नांडिस यांनी केला. केंद्रात अन्नमंत्री असताना, १९६० मध्ये, अमेरिकेशी पी.एल. ४८० खाली गहू-तांदळाचा मोठा करार केला होता तो याच स. का. पाटलांनी. साठेबाजी, भाववाढ आणि परदेशी धान्यावरची मदार हे विरोधकांच्या सभांचे विषय होते आणि लोक ते ऐकून घेत होते. बीड त्या लाटेच्या बाहेर नव्हते.

चार वर्षांत वारे फिरले. १९७१ च्या मध्यावधी निवडणुकीत इंदिरा गांधींनी ‘गरिबी हटाओ’ची हाक दिली आणि बीडने काँग्रेसच्या सयाजीराव पंडितांना निवडून दिले. त्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास ग्रंथरूपाने आला. पोटाला पुरेसे उष्मांक मिळतील एवढाही खर्च ज्यांना झेपत नाही अशी माणसे किती, याचा त्यांनी हिशेब मांडला आणि उपाय सांगितला तो रोजगाराचा. धान्य बाजारात असून भागत नाही, ते विकत घ्यायला हातात मजुरी लागते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. मराठवाड्याला हे पुस्तक वाचावे लागले नाही. पुढच्या दोन वर्षांत त्याने ते अनुभवले.

१९७० पासून पाऊस कमी होत गेला होता आणि १९७२ मध्ये तो जवळपास आलाच नाही. आजही बीडमध्ये म्हाताऱ्या माणसाला वय विचारले तर उत्तर येते, ‘बहात्तरच्या दुष्काळात मी एवढा होतो.’ विहिरी आटल्या, जनावरे मिळेल त्या भावाला बाजारात गेली. सरकारने दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते आणि खडी फोडणे. राज्यभर मे १९७३ मध्ये या कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. जगात त्याआधी दुष्काळ निवारणासाठी एवढी माणसे एकाच वेळी सरकारी मजुरीवर क्वचितच आली असतील.

कामाच्या जागेचे चित्र त्या पिढीने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. उजाडायच्या आत बाया डोक्यावर पाटी घेऊन निघायच्या. खडी फोडणाऱ्यांच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. पोरे आईजवळच सावलीचा तुकडा बघून बसलेली. हजेरीपटावर नाव लागले तर आठवड्याने पैसे, तेही मोजणीत काम भरले तर. दुपारी सुकडी वाटली जाई. भाजलेल्या पिठाची ती गोडसर सुकडी पोरे हातावर घेऊन चाटत आणि बाया पदराच्या टोकात घरच्या म्हाताऱ्यांसाठी बांधून नेत. रेशनवर मिळे ती अमेरिकेची तांबडी मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची, गिळताना घशात अडकायची. ज्वारीच्या मुलखातल्या माणसाला ती मिलो आवडली नाही, पण त्या दोन वर्षांत अनेकांना तिनेच जगवले.

माणसे मोठ्या संख्येने मेली नाहीत, याचे श्रेय सरकारी यंत्रणेला दिले पाहिजे. ते अर्धेच आहे. उरलेले श्रेय त्या लोकांचे, ज्यांनी कामे काढायला लावली. तहसीलवर मोर्चे गेले, गावाजवळ काम द्या, मजुरी वाढवा, थकलेला पगार द्या, रेशनचे धान्य वेळेवर आणा या मागण्या घेऊन. डावे, समाजवादी आणि शेतकरी कामगार पक्षाचे कार्यकर्ते यांत पुढे होते आणि मजुरांत बायांची संख्या मोठी होती. तिकडे मुंबईत १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली आणि हजारो गृहिणी हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आल्या. खडी फोडणारी बीडची बाई आणि लाटणे उगारणारी गिरगावची बाई एकमेकींना कधी भेटल्या नसतील. दोघींचे भांडण मात्र एकाच गोष्टीसाठी होते.

या रेट्यातून महाराष्ट्राने जे केले त्याला तोड नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे बरीच वर्षे रोजगार हमीची कल्पना मांडत होते. १ मे १९७२ पासून ती राज्यभर लागू झाली, पण दुष्काळी कामांच्या लोंढ्यात पहिली दोन-तीन वर्षे ती झाकून गेली. पैसा उभा करायला १९७५ मध्ये शहरी नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसला. आजही पगारपत्रकात दिसणारी ती कपात मूळची बहात्तरच्या दुष्काळातली आहे. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ ला तो अमलात आला. काम मागणाऱ्याला १५ दिवसांत काम, ते दिले नाही तर बेकारी भत्ता. भुकेल्या माणसाने सरकारकडे हक्काने काही मागावे आणि सरकारने ते नाकारू नये, असे भारतात प्रथम कायद्यात लिहिले गेले ते इथे.

कायदा झाला त्याच वर्षी आणीबाणीनंतरची लोकसभा निवडणूक झाली. मार्च १९७७. बीडने पुन्हा डाव्या चळवळीतला माणूस निवडला, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे गंगाधर आप्पा बुरांडे. त्या पक्षाचे महाराष्ट्रातून तेव्हा तीन खासदार झाले. डहाणूतून लहानू कोम, बीडमधून बुरांडे आणि मुंबईतून लाटणे मोर्चाच्या अहिल्याताई रांगणेकर. आणीबाणीविरोधी लाट त्या निकालामागे होतीच. पण दहा वर्षांत दोनदा, पहिल्यांदा टंचाईच्या ऐन वर्षात आणि दुसऱ्यांदा बहात्तरच्या पाठोपाठ, बीडने कष्टकऱ्यांच्या पक्षाला दिल्लीत पाठवले, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. नाना पाटील हा दुसरा निकाल पाहायला नव्हते. ६ डिसेंबर १९७६ रोजी ते गेले.

यानंतर हा धागा हरवला. १९८० मध्ये केशरबाई क्षीरसागर काँग्रेसतर्फे निवडून आल्या आणि बीडचे राजकारण घराणी, कारखाने, जिल्हा बँक यांच्याभोवती फिरू लागले. याच काळात भुकेवरचा खाजगी उपाय जिल्ह्यात कायमचा रुजला, तो म्हणजे ऊसतोडणी. पश्चिम महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांना हात हवे होते आणि बीडमध्ये ते मोकळे होते. दुष्काळाने जी माणसे एकदा बाहेर पडली ती दर दसऱ्याला बाहेर पडू लागली. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड ट्रकवर किंवा बैलगाडीवर लादायचे आणि उन्हाळा लागेपर्यंत उचल फेडत राहायचे. एक दिवस आजारपणाने गेला तर त्याचा खाडा उचलीत जमा.

या कामगारांतून मोठे नेतृत्व उभे राहिले. १९८९ मध्ये बीडचे खासदार झालेले बबनराव ढाकणे आणि त्यानंतर गोपीनाथ मुंडे यांनी ऊसतोड कामगारांना राज्याच्या राजकारणात आवाज दिला. संप झाले, साखर संघाशी वाटाघाटी झाल्या. त्या प्रामुख्याने टनामागचा तोडणीचा दर आणि मुकादमाचे कमिशन यांवर. फडावर गेलेल्या कुटुंबाला सहा महिने रेशन कुठून मिळायचे, त्याच्या पोरांना अंगणवाडीचा खाऊ कोण देणार, हे प्रश्न टेबलावर आले तरी शेवटच्या पानावर राहिले. माझ्या मते बीडच्या अन्नप्रश्नाची खरी हुकलेली संधी ती होती. संघटना होती, नेता होता, संप करण्याची ताकद होती.

अन्नाचा प्रश्न दुसऱ्या टोकाने धरला तो दलित चळवळीने. जिल्ह्यातल्याच दुकडेगावचे एकनाथ आवाड यांनी मानवी हक्क अभियानाच्या माध्यमातून गायरान जमिनी कसणाऱ्या दलित कुटुंबांची बाजू लावून धरली. राज्य सरकारने १९९१ मध्ये निर्णय काढून १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करायचे ठरवले, पण कागदावरचा निर्णय आणि सातबाऱ्यावरची नोंद यांत अनेक गावांचा विरोध उभा होता. उभे पीक मोडणे, बहिष्कार, मारहाण हे सगळे झाले. तरी मांगवाड्यातल्या बाईने गायरानावर बाजरी पेरली आणि कणगीत भरली, ही त्या लढ्याची कमाई. रेशनच्या दुकानदाराकडे हात पसरायची वेळ त्या घरावर काही महिने तरी आली नाही. आवाड २०१५ मध्ये वारले. गायरानाचे अनेक दावे अजून चालू आहेत.

दरम्यान दिल्लीने रेशनचीच रचना बदलली. १९९७ मध्ये सर्वांसाठी असलेली शिधावाटप व्यवस्था दारिद्र्यरेषेच्या वर आणि खाली अशी दुभंगली. महाराष्ट्रात १९९९ पासून तीन रंगांची कार्डे आली. पिवळे कार्ड हवे तर कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न १५ हजारांच्या आत हवे. दोन कोयत्यांच्या घराने उचल तेवढी घेतली की ते कागदोपत्री गरीब राहत नसे, मग ती उचल कर्ज का असेना. गावोगावच्या याद्यांमधून खरे गरजू गळाले आणि भलतेच बसले, ही तक्रार तेव्हापासूनची.

याचा स्फोट झाला राजस्थानात. २००१ मध्ये तिथे दुष्काळाने लोक उपाशी होते आणि भारतीय अन्न महामंडळाच्या गोदामांत धान्य सडत होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात याचिका टाकली. देशभरचा साठा त्यानंतर वर्षभरात ६ कोटी टनांवर गेला. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने न्यायालयाने शालेय पोषण आहार, अंगणवाडी, अंत्योदय अशा आठ योजनांना लोकांच्या हक्काचे रूप दिले. सरकारला वाटले म्हणून त्या बंद करता येणार नाहीत. या याचिकेभोवती देशभर अन्न अधिकार अभियान उभे राहिले. महाराष्ट्रातही उल्का महाजन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेशन, अंगणवाडी, शाळेतली खिचडी यांवर पाळत ठेवायचे चिकाटीचे काम केले.

मग आली २००४ ची लोकसभा निवडणूक. ‘इंडिया शायनिंग’च्या घोषातला भाजपचा प्रचार ज्यांच्या देखरेखीखाली चालला ते प्रमोद महाजन आंबाजोगाईत वाढलेले, बीड जिल्ह्याचेच. त्यांच्या सरकारच्या खात्यावर अंत्योदय योजना होती, २००० च्या नाताळात वाजपेयींनी सुरू केलेली, आणि ती चांगली योजना होती हे नमूद केले पाहिजे. पण मराठवाड्यात तेव्हा पुन्हा दुष्काळ होता आणि झगमगाटाच्या जाहिराती टँकरच्या गावात दिसत होत्या. २० एप्रिल २००४ रोजी, मतदानाच्या पहिल्या टप्प्याच्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. शाळांतून शिजवलेले अन्न १ सप्टेंबरपर्यंत सर्वत्र सुरू करा, आणि दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही मुलांना जेवण द्या. प्रचाराच्या धुरळ्यात या आदेशाची फार चर्चा झाली नाही. एखाद्या पाटोद्याच्या पोराच्या ताटात मे महिन्यात खिचडी पडायचा हक्क मात्र त्या दिवशी लिहिला गेला.

बीडमध्ये राष्ट्रवादीचे जयसिंगराव गायकवाड निवडून आले, दिल्लीत सरकार बदलले आणि २००५ मध्ये महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा धडा गिरवत देशाचा रोजगार हमी कायदा झाला. पागे आणि दांडेकर-रथ यांचे म्हणणे तीस वर्षांनी देशाने मान्य केले.

पुढची पायरी २००९ ची. अन्न अधिकाराच्या मागणीचा पक्षांच्या जाहीरनाम्यांवर इतका उघड परिणाम त्याआधी झाला नव्हता. काँग्रेसने अन्न सुरक्षेचा कायदा करू, गरीब कुटुंबाला महिन्याला २५ किलो धान्य ३ रुपये किलोने देऊ, असे लिहिले. भाजपने ३५ किलो, तेही २ रुपयांनी, असे लिहिले. हा लिलाव होता हे खरे. तरी लिलावात बोली लागली ती कार्यकर्त्यांनी आठ वर्षे न्यायालयात व रस्त्यावर राबून तयार केलेल्या मालावर. अन्न अधिकार अभियानाची मागणी मात्र दोन्ही बोलींहून मोठी होती. सर्वांना रेशन, आणि धान्यासोबत डाळ व तेल. बीडमधून त्या वर्षी गोपीनाथ मुंडे निवडून आले आणि लोकसभेत भाजपचे उपनेते झाले.

आश्वासनाला कायदा व्हायला चार वर्षे लागली. ४ जून २००९ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या अभिभाषणात त्याचा उच्चार झाला. विधेयक संसदेत आले डिसेंबर २०११ मध्ये. पुढची निवडणूक दारात येऊन ठेपली तेव्हा जुलै २०१३ मध्ये वटहुकूम निघाला. २६ ऑगस्टला लोकसभेने आणि २ सप्टेंबरला राज्यसभेने विधेयक संमत केले. ग्रामीण भागातल्या ७५ टक्क्यांपर्यंत लोकांना माणशी ५ किलो, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरड धान्य १ रुपया. अंत्योदयच्या घराला ३५ किलो. डाळ-तेल कायद्यात आले नाही. महाराष्ट्राने फेब्रुवारी २०१४ पासून अंमल सुरू केला, लोकसभेचे मतदान दोन महिन्यांवर असताना.

राज्याच्या वाट्याला आला तो ७ कोटी लाभार्थ्यांचा इष्टांक, म्हणजे कमाल मर्यादा, २०११ च्या जनगणनेवर बेतलेली. बीडच्या तहसील कचेरीत पुरवठा शाखेच्या खिडकीवर गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त ऐकू येणारे वाक्य ‘इष्टांक संपला आहे’ हेच असेल. नवी सून घरात आली, लेकरू झाले, भाऊ वेगळे निघाले, तरी कार्डावरचे धान्य जुन्याच माणसांचे.

या कायद्यातून सुटलेल्या शेतकऱ्यांसाठी राज्याने २०१५ मध्ये एक बरे पाऊल टाकले. आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना कायद्याच्याच दराने धान्य. बीड त्यात होते. सात वर्षांनी केंद्राकडून या योजनेला धान्य मिळेनासे झाले आणि २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिना १५० रुपये खात्यावर जमा होऊ लागले, पुढे १७०. शेतकऱ्याच्या घरातली पाच किलोची पिशवी अशी आकड्यात बदलली. बाजारात ज्वारी चाळीस-पन्नास रुपये किलो असताना त्या रकमेत काय येते, हे कोणीही हिशेब करून पाहावे.

२०१६ च्या दुष्काळात स्वराज अभियानाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दुष्काळी भागात कार्ड नाही म्हणून कुणाला धान्य नाकारू नका. कायद्याने बांधलेले कुंपण न्यायालयाने टंचाईच्या काळापुरते उघडले. १८ एप्रिल २०१९ ला बीडने लोकसभेसाठी मतदान केले तेव्हा राज्यातल्या सर्वाधिक चारा छावण्या याच जिल्ह्यात होत्या. माणसे जनावरांसोबत छावणीत राहत होती, तिथेच चूल मांडत होती. त्याच महिन्यात ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर छापून आल्या. नंतर झालेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. खाड्याच्या धास्तीने दुखणे अंगावर काढणारी, पहाटे चारला उठून दिवसाच्या भाकरी थापणारी आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारी ही बाई अन्न अधिकाराच्या प्रत्येक भाषणात असायला हवी होती. त्या प्रचारात ती फारशी नव्हती.

एका वर्षाने, टाळेबंदीत, प्रश्न उघडा पडला. एप्रिल २०२० मध्ये राज्यातल्या ३८ कारखान्यांच्या परिसरात १ लाख ३१ हजार ऊसतोड कामगार फडावरच्या कोप्यांमध्ये, म्हणजे झोपड्यांमध्ये, अडकले होते. त्यांतले पुष्कळसे बीडचे. त्यांचे कार्ड गावात, दुकान गावात, मोफत धान्याचा वाटा गावात. ते मात्र सांगली-कोल्हापूरच्या फडात. गावाकडून आणलेली बाजरी संपलेली. सरकारने त्यांना घरी जायची परवानगी १७ एप्रिलला दिली.

त्यानंतर ‘एक देश एक रेशन कार्ड’ देशभर लागू झाले आणि कुठल्याही गावात अंगठा देऊन धान्य उचलता येते असे झाले. ही मोठी सोय आहे, मी ती कमी लेखत नाही. पण फडावरचे कुटुंब दिवसभर तोडणीत, रात्री गाडी भरण्यात. दुकान उघडे असते ते दिवसा. रांगेत दिवस घालवला की खाडा. वर परगावच्या दुकानात माल शिल्लक असेल तर. कोपीत राहणाऱ्या बाईला पाच किलोसाठी रोज बुडवणे परवडत नाही, म्हणून ती कारखान्याजवळच्या किराणा दुकानातून उधारीवर पीठ आणते आणि ती उधारी पुन्हा उचलीत मिसळते.

४ नोव्हेंबर २०२३ ला पंतप्रधानांनी छत्तीसगडमधल्या दुर्गच्या प्रचारसभेत मोफत धान्य आणखी पाच वर्षे देण्याची घोषणा केली. ८० कोटी लोकांच्या धान्याचा निर्णय लोकांना प्रचारसभेत कळला, हे २००९ च्या जाहीरनाम्यांचेच पुढचे पान. १३ मे २०२४ ला बीडने मतदान केले. लढत आरक्षणाच्या प्रश्नावर झाली आणि बजरंग सोनवणे साडेसहा हजार मतांनी पंकजा मुंडे यांचा पराभव करून निवडून आले. रेशन, इष्टांक, फडावरचे धान्य यांचा त्या निकालाशी संबंध जोडता येत नाही.

पुढची लोकसभा निवडणूक २०२९ मध्ये. पण बीडच्या अन्नाचा निर्णय त्याच्या दोन वर्षे आधी होणार आहे. नवा इष्टांक ठरेल तो नव्या जनगणनेवर. २०११ च्या जनगणनेत माणसे मोजली गेली ती ९ ते २८ फेब्रुवारीत, ऊसतोडणीचा हंगाम ऐन भरात असताना. मोजणीच्या सगळ्या काळात जो घरी नाही, तो जिथे सापडेल तिथला धरला जातो, म्हणजे बीडचा कोयता कोल्हापूरचा किंवा कर्नाटकातल्या बेळगावचा, आणि सापडलाच नाही तर कुठलाच नाही. आगामी जनगणनेत माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये आहे, संदर्भ दिनांक १ मार्च. तेव्हाही गावे अर्धी रिकामी असतील. बीडच्या आमदार-खासदारांनी, ऊसतोड संघटनांनी आणि गावोगावच्या ग्रामसभांनी आत्ताच ठराव करून सरकारकडे मागावे की प्रत्येक कारखान्याच्या फडावर, प्रत्येक कोपीत मोजणी व्हावी, कामगाराचे मूळ गाव नोंदले जावे आणि त्याचा इष्टांक त्याच्या तालुक्याला मिळावा. ही मागणी करायला निवडणुकीची वाट पाहू नका.